समुद्राची संगणकीय प्रतिकृती आणि किनाऱ्याची भाषा

अरबी समुद्रात उद्या, परवा किंवा तीन दिवसांनी काय घडणार आहे, याचे चित्र संगणकावर आधीच उभे करण्याचे तंत्र भारतात गेल्या दोन दशकांत चांगलेच विकसित झाले आहे. चक्रीवादळ, त्याबरोबर चढणारे पाणी, दूरवरून येणाऱ्या लाटा आणि त्सुनामी या साऱ्यांचे अंदाज आता ठिकाण आणि वेळ यांसह दिले जातात. तथापि, हा अंदाज आकड्यांत तयार होतो आणि नौकेवरील तांडेलापर्यंत किंवा खाडीकाठच्या घरापर्यंत तो शब्दांतूनच पोहोचतो. आकड्यापासून शब्दापर्यंतच्या या टप्प्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. हैदराबादमधील सागरशास्त्रज्ञ आणि समुद्रापासून दूर म्हैसूर येथे भारतीय भाषांवर काम करणारे अभ्यासक यांच्या कामाचा सांधा नेमका या ठिकाणी जुळायला हवा.

पाण्याचे गणित

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, या संस्थेची स्थापना १९९९ मध्ये झाली. ती केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले, तेव्हा हिंदी महासागरात पूर्वसूचनेची व्यवस्था नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये याच संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू करण्यात आले. समुद्रतळाशी कोठे आणि किती तीव्रतेचा भूकंप झाल्यास कोणत्या किनाऱ्यावर किती वेळात किती उंच पाणी येईल, याची असंख्य उदाहरणे तेथे आधीच सोडवून ठेवलेली आहेत. प्रत्यक्ष भूकंप झाला की त्यातील सर्वांत जवळचे उदाहरण बाहेर काढले जाते, कारण नव्याने गणित मांडण्याइतका वेळ त्सुनामी देत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतचा मकरान पट्टा महत्त्वाचा ठरतो. नोव्हेंबर १९४५ मध्ये तेथे झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.

चक्रीवादळाचे गणित निराळे आहे. त्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाची लहानमोठ्या त्रिकोणांत विभागणी केली जाते. खोल समुद्रात हे त्रिकोण मोठे असतात, किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या मुखाशी लहान. प्रत्येक त्रिकोणाला तळाची खोली, भरती-ओहोटी, वाऱ्याचा जोर आणि हवेचा दाब पुरविला की पाणी कोणत्या दिशेने सरकेल आणि किती चढेल, हे टप्प्याटप्प्याने काढता येते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, तर पाण्याची पातळी सुमारे एक सेंटीमीटरने वर येते. खरा चढ वाऱ्यामुळे येतो. तळ उथळ असेल, तर वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला खालून परत फिरायला वाट मिळत नाही आणि ते किनाऱ्याशी साचत जाते. मुंबईसमोर समुद्राचा उथळ पट्टा फार रुंद आहे. गोवा आणि कारवारकडे जाताना तो अरुंद होत जातो. एकाच ताकदीचे वादळ दोन ठिकाणी सारखेच पाणी चढवील, असे म्हणूनच धरून चालता येत नाही आणि गावोगावचा अंदाज वेगवेगळा काढावा लागतो.

कोकणाला या गणिताची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासू लागली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या सुमारे दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. जागतिक समुद्रपातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने वाढत होती, असे हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालात नमूद आहे. ओडिशा आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यांना चक्रीवादळे पिढ्यान् पिढ्या परिचित आहेत. रायगड-रत्नागिरीतील आजच्या पिढीसाठी तो बराचसा नवा अनुभव आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुंबई, ठाणे आणि रायगडच्या किनाऱ्यावर नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर अधिक पाणी चढेल, असा अंदाज हवामान विभागाने आधीच दिला होता. कमी दाबाचा पट्टा तीव्र होण्यापासून वादळ जमिनीवर येईपर्यंत हाती जेमतेम दोन-अडीच दिवस होते आणि तेही करोनाच्या टाळेबंदीत. तरीही हजारो कुटुंबांना हलविण्यात आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, पण वादळाच्या मानाने मनुष्यहानी कमी झाली. अंदाज खरा ठरला आणि तो वेळेत पोहोचला, तर काय साधते, याचे हे उदाहरण आहे. सगळ्याच वेळी तसे घडलेले नाही.

तीन मीटर म्हणजे किती?

समुद्राच्या दैनंदिन अंदाजात लाटांची उंची दिलेली असते. ‘तीन मीटर उंचीच्या लाटा’ हे वाक्य मराठीत सरळ आहे आणि बातमीपत्रात ते तसेच वाचले जाते. परंतु हा आकडा कोणत्याही एका लाटेचा नसतो. ठरावीक वेळात येणाऱ्या सर्व लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटा निवडून त्यांची काढलेली ही सरासरी असते. म्हणजे तीन मीटरचा अंदाज असताना त्याहून उंच लाटा येणारच. त्याच समुद्रात एखादी लाट जवळजवळ दुप्पट, साडेपाच-सहा मीटरची असू शकते. शास्त्रज्ञाच्या लेखी अंदाज अचूक असतो आणि नौकेवरील माणसाच्या लेखी तो खोटा ठरतो. चूक गणिताची नसते, भाषांतराची असते. पारिभाषिक कोशात या संकल्पनेला प्रतिशब्द देता येईल, पण ‘लक्षणीय तरंग-उंची’ असे म्हटल्याने तांडेलाच्या हाती काही लागत नाही. ‘लाटा साधारण तीन मीटर, अधूनमधून सहा मीटरपर्यंत’ असे म्हटले, तर लागते. फरक चार शब्दांचा आहे.

चक्रीवादळाने चढणाऱ्या पाण्याचीही हीच कथा. बातम्यांत त्याचा उल्लेख बहुधा ‘वादळी लाटा’ असा होतो. वस्तुतः ती लाट नसते. लाट येते आणि परत जाते, तर वादळात समुद्राची पातळीच काही तास वर उचलली जाते आणि लाटा त्या उंचावलेल्या पाण्यावर स्वार होऊन येतात. शिवाय अंदाजातील एक मीटर हा आकडा भरतीच्या पातळीच्या वरचा असतो. हे एक मीटर ओहोटीच्या वेळी आले, तर अनेकदा कुणाच्या लक्षातही येणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर आले, तर ते खाडीचा बांध ओलांडून भातशेतीत आणि घरांत शिरेल. कोकणी माणसाला उधाण आणि भांग यांतील फरक तिथीवरून कळतो, तो शिकवावा लागत नाही. त्यामुळे ‘वादळी उधाण’ हा शब्द अधिक जवळचा ठरेल आणि त्यासोबत भरतीची वेळ सांगितली, तर गाव स्वतःच हिशेब करू शकेल.

किनाऱ्याचा शब्द शास्त्राने उचलल्याचे एक उदाहरणही उपलब्ध आहे. वारा नाही, पाऊस नाही, आकाश निरभ्र आहे आणि तरीही समुद्र अचानक घरांत शिरतो, याला केरळमधील मच्छीमार ‘कल्लक्कडल’ म्हणतात. चोरासारखा येणारा समुद्र, असा त्याचा अर्थ. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरातील वादळांमुळे उठलेल्या लांबलचक लाटा काही दिवसांचा प्रवास करून भारताच्या किनाऱ्यावर पोहोचतात, हे त्यामागील कारण आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये हा मल्याळम शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. ‘इन्कॉइस’ने २०२० पासून अशा लाटांचा स्वतंत्र इशारा देण्यास प्रारंभ केला. लाटा वाटेत असतानाच त्यांचा हिशेब करता येत असल्याने हा इशारा दोन-तीन दिवस आधी देता येतो. मे २०२४ च्या प्रारंभी असाच इशारा देण्यात आला होता. त्याच दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटांत सापडून मरण पावले.

बावट्यापासून रंगापर्यंत

कोकणातील बंदरांवर आजही ‘तीन नंबरचा बावटा’ लागला की त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. या पद्धतीचा इतिहास जुना आहे. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळले आणि पुढल्याच वर्षी तेथील बंदरासाठी वादळाची सूचना देण्यास सुरुवात झाली. भारतीय हवामान विभाग स्थापन झाला तो त्यानंतर, १८७५ मध्ये. बावट्याच्या क्रमांकांत दूरच्या वादळापासून महाधोक्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत आणि शेवटचा, अकरावा क्रमांक विशेष आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, एवढेच तो सांगतो. सूचना न येणे हीदेखील एक सूचना आहे, याचे भान त्या जुन्या पद्धतीत होते. ‘निसर्ग’नंतर रायगड आणि रत्नागिरीच्या अनेक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही कित्येक दिवस बंद होते. ॲपमध्ये अकरा नंबरचा बावटा नसतो.

आता हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. प्रशासनाच्या दृष्टीने त्यांचे अर्थ निश्चित आहेत. नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पण हे रंग संपूर्ण जिल्ह्याला लागू होतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या लाल रंगाचा अर्थ किनाऱ्यावरील हर्णैला आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या खेडला एकच कसा असेल? मुसळधार पावसाचा लाल इशारा आणि खवळलेल्या समुद्राचा इशारा यांत श्रोत्यांची गल्लत होते ती यामुळेच.

साध्या मराठी शब्दांना नेमका अर्थ देता येत नाही, असे मात्र नाही. आकाशवाणीच्या हवामानवृत्तात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द अनेक दशके ऐकू येत आहेत. त्यांमागे मोजमाप आहे. तुरळक म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, अशी ही चढती भाजणी आहे. पावसासाठी जे घडले, ते समुद्रासाठी घडू शकते. ‘शक्यता’ आणि ‘दाट शक्यता’ यांतील अंतर एकदा ठरवून सर्वांनी पाळायला हवे. नौका बंदरात थांबली, तर नाखव्याचा डिझेल आणि बर्फाचा खर्च वाया जातो आणि खलाशांचा वाटा बुडतो. जून २०१९ मध्ये ‘वायू’ चक्रीवादळ गुजरातवर धडकणार म्हणून सुमारे तीन लाख लोकांना हलविण्यात आले आणि वादळ किनाऱ्याला न भिडता वळले. हलविण्याचा निर्णय योग्यच होता. परंतु इशाऱ्यासोबत खात्री किती, हे सांगितलेले नसेल, तर पुढचा इशारा ऐकणारे कमी होतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ कोकणापासून दूर, ओमानच्या दिशेने गेले, पण त्याने उठविलेल्या लाटांचा तडाखा सिंधुदुर्गाला बसला. वादळ येणार नाही, हे वाक्य खरे होते आणि तरी ते पुरेसे नव्हते.

देवगडला लागलेल्या नौका

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ने कोकणच्या मच्छीमारांना जबर फटका दिला. ११ नोव्हेंबर रोजी ते अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले, तोपर्यंत अनेक नौका समुद्रातच होत्या आणि कित्येक मच्छीमार परतले नाहीत. बंदरावरचा बावटा खोल समुद्रातून दिसत नाही. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंतच मिळते आणि मासेमारी त्याच्या कितीतरी पुढे चालते. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘ओखी’ने हेच दाखवून दिले. केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडकरांना त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना मराठी. त्या दिवसांत रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातून मराठीत दिलेला इशारा या नौकांवर कुणाला समजला असता, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. कोकणातील नौकांवर आज परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने काम करतात, हे लक्षात घेता तो आता विचारायला हवा.

‘ओखी’नंतर उपग्रहावरून संदेश देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण २०१९ मध्ये आणण्यात आले. ते संदेश घेऊ शकते, पाठवू शकत नाही. पुढचा टप्पा म्हणून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर दुतर्फा संदेशवहन करणारे ट्रान्सपाँडर बसविण्याची ही योजना असून तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. संकटातील नौका आता स्वतःहूनही हाक देऊ शकेल. उपकरणांचा प्रश्न सुटत चालला आहे, असे म्हणता येईल.

इशारा पोहोचूनही निर्णय चुकतो, याचा दाखला मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी मिळाला. वादळाची सूचना काही दिवस आधीपासून प्रसारित होत होती. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा २६१ जणांसह समुद्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदल आणि तटरक्षक दलाने १८६ जणांना वाचविले. येथे भाषेचा अडसर नव्हता. ‘सुरक्षित स्थळी जावे’ या वाक्यातील सुरक्षित म्हणजे किती अंतर, आणि ते कुणी ठरवायचे, हे मात्र मोकळेच राहिले होते.

म्हैसूरची सामग्री

म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थानाची स्थापना १७ जुलै १९६९ रोजी झाली. शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकविणे, बोलींची नोंद करणे, व्याकरणे आणि कोश तयार करणे हे तिचे परिचित काम. पुण्यातील तिच्या पश्चिम विभागीय केंद्रात मराठी शिकविली जाते. २००८ मध्ये राष्ट्रीय अनुवाद अभियान याच संस्थेकडे सोपविण्यात आले. त्याच सुमारास भारतीय भाषांची संगणकीय सामग्री गोळा करणारा विभागही येथे सुरू झाला. मराठी आणि कोकणीसह अनुसूचित भाषांतील लिखित मजकूर आणि ध्वनिमुद्रित संभाषण यांचे संच तेथे तयार होतात. यंत्राने केलेले भाषांतर आणि मजकूर वाचून दाखविणारा यांत्रिक आवाज, दोन्ही अशा सामग्रीवरच उभे राहतात. योगायोग असा, की ‘आकाशवाणी’ हे नावही याच शहराशी जोडलेले आहे. म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून चालविलेल्या खासगी नभोवाणी केंद्राला ते नाव होते.

इशारे तासातासाला बदलणार असतील आणि प्रत्येक खाडीसाठी वेगळे असतील, तर ते हाताने भाषांतरित करणे अशक्य आहे. यंत्राची मदत घ्यावीच लागेल. पण यंत्र जे वाचून शिकले, तेच बोलते. अनुसूचित भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी आहे. मालवणी, संगमेश्वरी, आगरी आणि कोळी बोली या यादीत नाहीत. उधाण, भांग, वाव, वाऱ्यांची आणि खडकांची नावे यांचा खजिना प्रमाण मराठीच्या छापील मजकुरात क्वचितच सापडतो, तो या बोलींत आहे. वर्तमानपत्रे आणि सरकारी परिपत्रके वाचून तयार झालेले यंत्र ‘सदर कालावधीत मच्छीमारांनी समुद्रात जाण्याचे टाळावे’ असेच बोलणार. त्यात व्याकरणाची चूक नसते. ते वाक्य कुणाला उद्देशून आहे, एवढेच कळत नाही.

बोलींची नोंद म्हैसूरच्या संस्थेला नवीन नाही. किनाऱ्यावरील शब्दसंग्रह, त्यातला प्रत्येक शब्द कोणत्या सागरी घटनेसाठी वापरला जातो या नोंदीसह, हैदराबादच्या गणिताला जोडून दिला, तर दोन्ही संस्थांच्या कामाचे मोल वाढेल. खर्च एखाद्या समुद्री बोयाच्या तुलनेत किरकोळ असेल.

गावाच्या मापाचा अंदाज

मुंबईने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी फुगली. त्या अनुभवातून पुढे पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरसूचना प्रणाली तयार केली. १२ जून २०२० रोजी ती कार्यान्वित झाली. पाऊस, नद्या, भरती आणि वादळाने चढणारे पाणी यांचा एकत्रित हिशेब करून कोणत्या वॉर्डात किती पाणी साचेल, हे ती सहा ते बहात्तर तास आधी सांगते. महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष तो अंदाज वाचतो आणि पंप, बस, शाळा यांविषयीचे निर्णय घेतो. अंदाज वाचणारा माणूस नेमलेला आहे, हे येथे महत्त्वाचे आहे.

दाभोळ, जयगड किंवा कर्ली खाडीच्या काठावरील ग्रामपंचायतीकडे असा माणूस नाही. खाड्या गाळाने भरत जातात, वाळूउपशाने तळ बदलतो, आणि जुन्या खोलीवर चालणारी प्रतिकृती चुकू लागते. हा बदल सर्वांत आधी कळतो तो रोज खाडीतून होडी नेणाऱ्याला. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना ऑगस्ट २०२० मध्ये युनेस्कोची ‘त्सुनामीसज्ज’ ही मान्यता मिळाली. पाणी कोठपर्यंत येऊ शकते याचे नकाशे, बाहेर पडण्याचे ठरलेले रस्ते आणि नियमित सराव या कसोट्या त्यासाठी पूर्ण कराव्या लागल्या. नकाशा संगणकाने काढला होता, पण कोणत्या घरातील म्हातारीला कोण उचलून नेणार, हे गावाने ठरविले होते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या असतात, जाळी विणण्याचे काम चालते आणि तांडेल गावातच सापडतात. खाडीची खोली विचारून घेणे, ‘अधूनमधून सहा मीटर’ म्हणजे काय ते सांगणे आणि त्यांच्याकडून त्यांचे शब्द टिपून घेणे या तिन्ही कामांसाठी नारळी पौर्णिमेच्या आधीचे हे दोन महिने मोकळे असतात.